शेवटचं एक मिनिट : पिंक फ्लॉइडचा 'मेडल', एक कॅसेट आणि नागपूरचा कूलर

वाळ्याची ताटी

मंडळी,

मे अर्धा सरला. दुपारी दोनला धरमपेठेत कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. कूलरच्या ताट्यांना नवा वाळा लावलेला असला तर घराबाहेर पडायचं कारणही उरत नाही. अशा दुपारी मी दर उन्हाळ्यात एकच अल्बम काढून ऐकतो, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'मेडल', १९७१ सालचा. त्यांच्या १९७३च्या 'डार्क साइड ऑफ द मून'बद्दल सगळेच बोलतात. त्याच्या या थोरल्या भावाकडे कुणी बघत नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढे कुणी काढायला नको.

१९९३. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. बर्डीवर एक दुकान होतं. कोरी कॅसेट दिली की तो माणूस त्याच्याकडच्या एलपीवरून गाणी भरून द्यायचा. (हे बेकायदेशीर आहे हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.) साठ मिनिटांची कॅसेट महाग, म्हणून मी पंचेचाळीसची दिली. एका बाजूला साडेबावीस मिनिटं. 'मेडल'ची पहिली बाजू सव्वातेवीस मिनिटांची, दुसरी साडेतेवीस. त्यानं हिशेब केला नाही, मीही केला नाही. घरी आणल्यावर कॅसेटवरचं नाव वाचून बाबा म्हणाले, "कशाचं मेडल मिळालं रे?" विनोद अगदीच वाया गेला नाही म्हणा. बँडनं नाव ठेवताना हीच कोटी केली होती. एका उच्चारात पदकही आणि नसती लुडबुडही.

पहिल्या बाजूचा शेवट कापला गेला त्याचं दुःख नाही. तिथे 'शेमस' नावाचं सव्वादोन मिनिटांचं गाणं आहे आणि त्यात एक कुत्रा ब्लूजच्या साथीला रडतो. खरोखरचा कुत्रा, स्टीव्ह मॅरियट या गायकाचा. बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर तेव्हा त्या कुत्र्याला सांभाळत होता. पाऊण मिनिट कुत्रा कमी ऐकला तर काही बिघडत नाही. पण दुसऱ्या बाजूला एकच गाणं आहे, 'एकोज', आणि त्याचं शेवटचं मिनिट माझ्या कॅसेटमध्ये आलंच नाही. गाणं विरायला लागतं, खालून माणसांसारखे आवाज वर चढू लागतात, आणि खट्. टू-इन-वनचं (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेल्या यंत्राचं) बटण वर.

अकरा वर्षं मला वाटत होतं की गाणं असंच संपतं. बरं, वाटून गप्प बसलो असतो तर ठीक. होस्टेलवर पोरांना बसवून मी त्या 'खट्'चा अर्थ समजावला होता. चढत चढत न्यायचं आणि शिखराआधी दोर कापायचा, यालाच सायकेडेलिक म्हणतात, वगैरे. २००४ मध्ये पुण्याला मित्राकडे सीडीवर ऐकलं. मी 'खट्'ची वाट बघतोय, आणि ते आवाज आपले चढतायत, चढतायत. मित्रानं विचारलं, "पाणी आणू का?"

असो. आता गाणं.

'एकोज' सुरू होतं एका टिंगनं. बँडच्या कीबोर्डवादक रिचर्ड राइटनं पियानोचा एक वरचा स्वर मायक्रोफोनमधून लेस्ली स्पीकरला दिला. लेस्ली म्हणजे आत भोंगा गरगरा फिरतो असा स्पीकर, मुळात हॅमंड ऑर्गनसाठी काढलेला. लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड धरून 'आऽऽ' ज्यानं केलं नाही असा माणूस इथे नसेल. त्याच कुळातली ही गंमत. ड्रमर निक मेसननं पुढे लिहिलंय की कच्च्या ध्वनिमुद्रणात त्या एका स्वराला जी गुंज मिळाली ती स्टुडिओत पुन्हा सापडलीच नाही. शेवटी तो कच्चा तुकडाच गाण्यात घेतला.

खरं तर सगळं गाणंच तुकड्यांचं. १९७१च्या जानेवारीत ही मंडळी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पोचली तेव्हा हातात एकही तयार गाणं नव्हतं. सुचेल ते वाजवायचं आणि टेप करून ठेवायचं. तुकड्यांना नाव काय, तर 'नथिंग', क्रमांक १ ते २४. त्यातले काही जोडून 'रिटर्न ऑफ द सन ऑफ नथिंग' या नावानं मैफिलींत वाजवू लागले, आणि अल्बम निघेपर्यंत त्याचं 'एकोज' झालं. ॲबी रोडला तेव्हा आठ ट्रॅकचं यंत्र होतं, म्हणून बरंच काम एअर स्टुडिओत सोळा ट्रॅकवर केलं. तपशील रुक्ष आहे, पण जोडकाम करायचं तर जमिनीवर पसरायला जागा लागते हे कुठल्याही आजीला विचारा.

कारण माझ्या मते 'एकोज' ही गोधडी आहे. पुष्कळ लोक, विशेषतः आपल्याकडचे, त्याला 'रॉकमधला आलाप' म्हणतात. मलाही तसं म्हणायला आवडायचं. पण ऐका. साधारण तिसऱ्या मिनिटाला गिल्मोर आणि राइट दोघं मिळून गायला लागतात, आवाज इतके मिसळलेले की कुठला कुणाचा कळू नये. सातव्या मिनिटाच्या सुमाराला एकदम ठेका बदलतो. गिटार अशी ठसक्यात वाजते की पाय हलावेत. अकराव्याच्या पुढे तेही बुडतं आणि उरतो वारा, कावळ्यांची कावकाव आणि देवमाशाची म्हणावी अशी एक किंकाळी. ती गिटारच आहे. गिल्मोरनं वा-वा या पायानं दाबायच्या पेडलच्या तारा उलट्या जोडल्या की ती तशी किंचाळायची. पंधराव्याच्या आसपास अंधारातून तोच टिंग परत येतो, आणि एकोणिसाव्याला पुन्हा गाणं.

या चार कापडांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कमाल आहे टाक्यांची. नाचाचा तुकडा थांबत नाही. तो वाजतच असतो, वरून वारा चढत जातो आणि आपल्याला कळतं तेव्हा बँड पाण्याखाली गेलेला असतो. ही जागा मी शंभर वेळा ऐकली असेल, पण नेमका कुठल्या क्षणी नाच संपला हे मला अजून बोट ठेवून सांगता येत नाही. चित्रविचित्र आवाज तेव्हा कुणीही काढत होतं. एका जागेवरून दुसऱ्या जागी आपण गेलो हे कळू न देणं, माझ्यासाठी सायकेडेलिक ते.

आता कूलर. माझा संशय असा की मला हे गाणं कूलरशिवाय आवडतच नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, मोटर गुणगुणते त्याच्या दुपटीनं, म्हणजे १०० हर्ट्झ. हा स्वर पाश्चात्त्य जीच्या किंचित वर. 'एकोज' सी शार्प मायनरमध्ये. सी शार्पला षड्ज धरलं तर माझा कूलर तीव्र मध्यम लावून बसलेला असतो! जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तुम्ही कुठे, कशावर, कसं ऐकलं ते लिहा. आणि नागपूरकरांनो, जमलं तर एकदा एकत्र बसून ऐकू.

बर्डीचा बंड्या

काय लिवलं राजेहो! हापिसात बसून वाचून राहिलो न एकटाच हसून राहिलो. साहेब दोनदा पाहून गेला.

एक इचारू का? १९९३, इंजिनिअरिंग, हॉस्टेल... तुमी लंबे केसवाले, कॉटखाली हार्मोनियम ठेवणारे का? असान तर ते 'खट्'चं प्रवचन म्या सोता आयकलं हाय. अन् त्याच्यावर इश्वास ठेवून म्या एका पोरीले ते सांगतलं होतं. हिशेब बाकी हाय भाऊ.

वाळ्याची ताटी

बंड्या, हार्मोनियम रूममेटची होती. बाकी आरोप मान्य. चहा माझ्याकडून.

आयताकृती

वाचनखूण साठवली आहे. सवडीने ऐकून मग लिहितो.

षड्जपंचम

लेख आवडला, गोधडी तर फारच. मी गाणं शिकवते, रॉक फारसं ऐकत नाही. काल रात्री दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा दिवा बंद करून.

आलाप नाही, हे अगदी बरोबर. आलापात पुढे येणारं सगळं पहिल्या षड्जातच दडलेलं असतं. रागाचे नियम ठरलेले, गवई फक्त एकेक दार उघडत जातो. इथे त्या टिंगमध्ये सातव्या मिनिटाचा नाच कुठेच दडलेला नाही, तो बाहेरून आणलेला आहे. शंकरराव सप्रे गुरुजींकडे वसंतराव देशपांडे शिकले ते याच नागपुरात, आणि इथे आजही 'लांबवलं की आलाप झाला' असं समजणारे श्रोते आहेत, म्हणून जरा जोर देऊन लिहिते. संथपणा म्हणजे बढत नव्हे.

पण एक गोष्ट मला आपल्या जवळची वाटली. तो टिंग वाजतो आणि पुढचा वाजेपर्यंत आपण त्याची आस ऐकत बसतो. स्वर लावला त्या क्षणापेक्षा तो विझतानाचा प्रवास मोठा. तंबोऱ्याची तार छेडून सोडली की जवारीतून जे उमलत जातं, ते ऐकायला मी मुलींना पहिले सहा महिने सांगते. त्या कंटाळतात. आता त्यांना हे ऐकवीन म्हणते.

तुमच्या कूलरचं मात्र खरं वाटत नाही. आणि त्या जुन्या टू-इन-वनचा पट्टा सैल असेल तर सी शार्पचा सी कधीच झाला असेल. अकरा वर्षं तुम्ही कुठल्या पट्टीत ऐकत होतात देव जाणे.

सिडची सायकल

थोडी काडी टाकतो, हलकेच घ्या.

१९७१ला सायकेडेलिक म्हणणं म्हणजे पोळा होऊन गेल्यावर बैल सजवणं. त्या बँडचं सायकेडेलिक होतं ते १९६७च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 'द पाइपर ॲट द गेट्स ऑफ डॉन'मध्ये, आणि ते होतं बँडच्या पहिल्या गायक-गिटारवादकाचं, सिड बॅरेटचं. अकरापैकी आठ गाणी एकट्या सिडची. अल्बमचं नाव त्यानं केनेथ ग्रॅहमच्या मुलांच्या पुस्तकातल्या एका प्रकरणावरून उचललं. बुजगावणं, मांजर, सायकल, परीकथेतला बुटका, असल्या गोष्टींवर गाणी! आणि त्यांच्याच शेजारी 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह', जवळजवळ दहा मिनिटं, ज्यात एक चाल सुरू होते, मोडते, भरकटते आणि शेवटी परत घरी येते. सिड गिटारच्या तारांवर सिगारेटचा लायटर घासायचा. ध्वनिमुद्रण ॲबी रोडलाच, निर्माता नॉर्मन स्मिथ, जो आधी बीटल्सचा ध्वनिमुद्रक होता. आणि त्याच इमारतीत त्याच महिन्यांत बीटल्स 'सार्जंट पेपर' करत होते.

सिडच्या गाण्यात टाका दिसतो, कारण तो लपवायची त्याला गरजच नव्हती. 'बाइक'चा शेवट ऐका. सायकलीचं गाणं चाललंय आणि एकदम दार उघडून घड्याळं, घंटा आणि बदकांचा कलकलाट. तुमची गोधडी नीटनेटकी आहे, ताटीभाऊ. मला चिंध्या आवडतात. १९६८च्या एप्रिलमध्ये सिड बाहेर पडला आणि उरलेल्यांनी शिवणकाम चांगलं शिकून घेतलं, एवढंच.

वाळ्याची ताटी

@सिडची सायकल, काडी पोचली, धूरही निघाला.

'पाइपर' मला आवडतो. पण तुम्ही म्हणता ते दार उघडणं एका माणसाच्या डोक्यातलं होतं. तो माणूस गेला आणि मागे राहिले चार जण, ज्यांच्यापैकी एकाचंही डोकं तसं चालत नव्हतं. मग तीन वर्षं त्यांनी काय नाही केलं! 'उम्मागुम्मा'त प्रत्येकाला अर्ध्या बाजूची वाटणी करून दिली, 'ॲटम हार्ट मदर'मध्ये ब्रास आणि गायकवृंद आणून बसवले. तो अल्बम इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला, पण मला तो लग्नात बँडवाल्यांनी आणि सनईवाल्यांनी एकाच वेळी सुरुवात केल्यासारखा वाटतो. 'मेडल'मध्ये त्यांना पहिल्यांदा उमगलं की आपल्यात सिड नाही आणि नसला तरी चालेल. एकट्याला जे वेडात दिसायचं ते चौघांनी मिळून, हातानं, तासन्तास बसून करायचं. तुम्ही त्याला शिवणकाम म्हणून हिणवता. मी त्यालाच दाद देतो.

@षड्जपंचम, आस हा शब्द मला सुचायला हवा होता. दंडवत.

अर्थिंग

वीजमंडळी बोलावली म्हणून आलो.

मोटरचा चुंबकीय गुणगुणाट १०० हर्ट्झ, हे बरोबर. पण कूलरचा जो मोठा आवाज आपल्याला ऐकू येतो तो पात्यांचा. सेकंदाचे फेरे गुणिले पात्यांची संख्या. साधारण मोटर मिनिटाला १३५० फेरे घेते असं धरू. म्हणजे सेकंदाला साडेबावीस (तुमची कॅसेट!). चार पाती असतील तर ९० हर्ट्झ. हा स्वर एफ आणि एफ शार्पच्या मधे कुठेतरी पडतो.

शिवाय दुपारी सगळ्या वस्तीचे कूलर-एसी सुरू झाले की व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो आणि सूर अजून उतरतो. रात्री दोनला परत चढतो. तुमचा तीव्र मध्यम फार तर मोटरजवळ कान नेल्यावर.

षड्जपंचम

म्हणजे सी शार्पच्या हिशेबात हा कूलर शुद्ध गंधार आणि शुद्ध मध्यम यांच्या मधे लटकलाय, आणि ऊन वाढलं की बेसूर होतो. असा शिष्य मी पहिल्याच दिवशी घरी पाठवते.

बर्डीचा बंड्या

ताई, त्याले घरी पाठवलं त नागपुरात जगाचं कसं?

मर्सीकाठ

मूळचा मानेवाड्याचा, सध्या नोकरीनिमित्त लिव्हरपूल. धागा दिसला आणि राहवलं नाही. पहिल्या बाजूवर सगळ्यांनीच अन्याय केलाय.

'फिअरलेस' ऐका. गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी फुटबॉलचा जमाव गातो, लिव्हरपूल क्लबच्या चाहत्यांचं ते 'यू विल नेव्हर वॉक अलोन'. गाणं आहे कुणाचं न ऐकता एकट्यानं टेकडी चढण्याबद्दल आणि अवतीभवती गाणारे हजारो लोक. मैदानावरून माणसं परतताना तो सूर गल्लीत शिरतो तेव्हा मला हटकून आपल्या नागपूरची मारबतीची मिरवणूक आठवते. चाल वेगळी, राग-लोभ वेगळे, पण हजार गळ्यांतून आलेला आवाज भिंतीला थटून येतो तो तसाच.

आणि पहिलंच गाणं, 'वन ऑफ दीज डेज'? दोन बास गिटार, एक बँडच्या बासवादक रॉजर वॉटर्सची, एक गिल्मोरची, दोन्ही बिन्सन एकोरेक या इटालियन प्रतिध्वनी-यंत्रातून काढलेल्या. ते यंत्र टेपऐवजी फिरत्या चुंबकी चकतीवर आवाज उमटवतं. एका बासचा आवाज मेलेला येतो, कारण तारा जुन्या होत्या. नव्या आणायला ज्याला पाठवलं तो मधेच मैत्रिणीला भेटायला गेला आणि लवकर आलाच नाही, असं गिल्मोरनं सांगितलंय. सगळ्या गाण्यात शब्दांची ओळ एकच, तीही निक मेसनची, ओळखू येणार नाही इतकी वेडीवाकडी केलेली.

बर्डीचा बंड्या

तारा आणाले गेला न पोरीले भेटून आला. आपल्यातलाच माणूस दिसते.

ऊन_सावली

प्रश्न बालिश असेल तर सोडून द्या. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि हल्ली हेच ऐकतो. सायकेडेलिक म्हटलं की नशा आलीच असं घरी सगळ्यांना वाटतं. सासूबाईंनी तर शब्द गुगल करून मला वाचून दाखवला. हे संगीत समजायला तसलं काही लागतं का?

वाळ्याची ताटी

प्रश्न बालिश मुळीच नाही, ताई. शब्दाचा जन्म दवाखान्याच्या बाजूनंच झालाय, हे खरं. हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं १९५६ मध्ये लेखक ऑल्डस हक्स्लीला लिहिलेल्या पत्रात ग्रीक शब्द जोडून तो बनवला, अर्थ साधारण 'मन उघड करणारं'. दहा वर्षांनी लंडन-सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबांत तो संगीताला चिकटला आणि तिथे एलएसडी होतंच, ते लपवण्यात अर्थ नाही. सिडची तब्येत ढासळली त्यातही त्याचा वाटा होता असं त्याच्या जवळचे लोक सांगतात. पण 'मेडल' ज्यांनी केला ती माणसं रोज कामाला जावं तशी स्टुडिओत जाऊन टेप कापत होती. चोवीस तुकड्यांचा हिशेब नशेत राहत नाही. मी तर कॅसेटचाही ठेवू शकलो नाही, तोही शुद्धीत.

मुलाला विचारा तो कुठलं ऐकतो. 'एकोज' असेल तर एकदा त्याच्याबरोबर बसा, साडेतेवीस मिनिटं.

कडूलिंब

बँड इंग्लंडचा, कुत्रा इंग्लंडचा, आणि जिलबी नागपूरची. चालू द्या.

आयताकृती

ऐकलं. कव्हरवर ते नेमकं काय आहे? मला आधी वाटलं डुकराचं नाक.

मर्सीकाठ

कान आहे, पाण्याखालचा, वर तरंग. उलगडून आडवं धरलं की कळतं. कव्हर करणाऱ्या स्टॉर्म थॉर्गरसनला स्वतःला ते कधी आवडलं नाही. त्याची मूळ सूचना बबून माकडाच्या पार्श्वभागाचं जवळून घेतलेलं छायाचित्र अशी होती. बँड जपानच्या दौऱ्यावर होता, तिथून त्यांनी कळवलं की नको, पाण्यातला कान कर. आपण डुकराच्या नाकावर सुटलो.

इतवारीकर

मी सत्तरीचा आहे, टंकायला वेळ लागतो. चुका पोटात घाला.

माझ्याकडे 'मेडल'ची एलपी आहे. थोरल्या भावानं १९७९ साली मुंबईहून आणलेली. तबकडी चांगल्या स्थितीत, तिसऱ्या गाण्यात एक खरखर आहे. टर्नटेबल चालतो. गच्ची आहे. एकत्र ऐकण्याबद्दल लिहिलंत म्हणून कळवतो. दुपारी शक्य नाही, रात्री नऊनंतर या. सतरंज्या आहेत. खाली जरा ओरड झाली तर मी बघून घेईन.

वाळ्याची ताटी

काका! शनिवार रात्र धरू का? व्यक्तिगत निरोप करतो.

बर्डीचा बंड्या

मी येतो. तर्रीपोहे म्यापासून. रात्री नऊले तर्रीपोहे कोन खाते असं इचारू नका.

वाळ्याची ताटी

वृत्तांत.

आम्ही सहा जण. काका, बंड्या, षड्जपंचम, अर्थिंग, मी, आणि ऊन_सावली ताईंचा मुलगा, ज्याला आईनं सोडून दिलं आणि अकराला घ्यायला आली. गच्चीवर पाणी मारलेलं, तरी सतरंजीखालून ऊब येत होती. कूलर नव्हता. काकांनी आधी पहिली बाजू पूर्ण लावली, कुत्र्यासकट. शेजारच्या आवारातल्या एका खऱ्या कुत्र्यानं उत्तर दिलं नाही, ही निराशा.

मग बाजू उलटली.

मी फक्त टाक्यांबद्दल सांगतो. नाच बुडतो ती जागा आली तेव्हा मुलाला म्हटलं, संपला असं वाटेल तेव्हा हात वर कर. त्यानं हात केला, काकांनी त्याच्या आधी केला, षड्जपंचम ताईंनी बऱ्याच नंतर, अर्थिंग म्हणाला मला अजून ऐकू येतोय. तबकडी मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा चौघांचे चार क्षण, आणि पहिल्या वेळेपेक्षाही वेगळे.

कावळे आले तेव्हा बंड्यानं वर पाहिलं.

शेवटाबद्दल ताईच लिहितील, कारण त्यांनी काहीतरी केलं.

षड्जपंचम

काही विशेष नाही. ते शेवटचे चढते आवाज सुरू झाले तेव्हा मी हळूच त्यांच्याबरोबर मींड घेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता सरकत, चढायला लागले. मध्य सप्तक, तार षड्ज, गंधार, पंचमापर्यंत गेले आणि माझा गळा संपला. ते चढतच होते. नीट ऐकलं तर लक्षात येतं की वरचा आवाज विरतो तोवर खालून दुसरा त्याच वाटेनं निघालेला असतो, म्हणून चढण संपत नाही. अर्थिंग म्हणाले, याला शेपर्ड टोन म्हणतात, १९६४ मध्ये रॉजर शेपर्डनं मांडलेला भास. हे हुबेहूब तसं नसेल, पण त्याच जातीचं आहे.

आमच्याकडे आरोह कुठेतरी पोचतो आणि परत येतो. न पोचणारा आरोह मी पहिल्यांदाच गायले. दम लागला.

आणि काकांच्या टर्नटेबलचा वेग थोडा जास्त आहे. फोनवरच्या तंबोऱ्याशी पडताळला, सी शार्पच्या बराच वर.

इतवारीकर

वेग सत्त्याऐंशीपासून तसाच आहे. मला सवय झाली.

मर्सीकाठ

जळतोय इथे बसून. पाँपेईचं चित्रीकरण बघितलं का कुणी? १९७१च्या ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या त्या प्राचीन रंगमंडलात, समोर एकही प्रेक्षक नसताना हेच गाणं वाजवलं. वीज पुरेना, तेव्हा गावातून लांबच लांब केबल ओढून आणावी लागली. गाण्याचे दोन भाग करून एक चित्रपटाच्या सुरुवातीला, एक शेवटी ठेवलाय. २०१६ मध्ये गिल्मोर त्याच जागी पुन्हा वाजवायला गेला, या वेळी प्रेक्षकांसमोर. 'एकोज' वाजवलं नाही. राइट २००८ मध्ये गेला, आणि त्याच्याशिवाय ते वाजवायचं नाही असं गिल्मोरनं ठरवलंय.

सिडची सायकल

न आल्याचं वाईट वाटलं, एवढं कबूल करतो. पुढच्या वेळी 'पाइपर'. चिंध्या घेऊन येतो.

बर्डीचा बंड्या

वृत्तांतात एक गोष्ट दाबली हाय ती म्या सांगतो. ताटीभाऊंनी ती पंचेचाळीसची कॅसेट आणली होती. संग टू-इन-वनबी. मले 'खट्' आयकाचं होतं, तीस वर्साचा हिशेब. लावली, बटन दाबलं, न नुसतीच घूं घूं. कॅसेट फिरेच ना. पट्टा गळून पडला होता अंदर.

वाळ्याची ताटी

दाबलं नव्हतं, विसरलो होतो. पट्टा अक्षरशः डांबर झाला होता, बोटांचं काळं अजून निघालं नाही. नागपुरात असा पट्टा आता कुठे मिळेल, कुणाला ठाऊक आहे का? बर्डीवर चार दुकानं फिरलो. एकानं रबरबँड दिला.

अर्थिंग

रबरबँड लावू नका, वेग लडखडेल. आतल्या दोन पुल्यांच्या भोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि त्यापेक्षा थोडा आखूड, चौकोनी काटछेदाचा पट्टा घ्या. माझ्याकडे जुन्या व्हीसीआरचे दोन-तीन पडलेत. रविवारी सकाळी घरी आहे, टू-इन-वन घेऊन या. ताईंचा फोनवरचा तंबोराही लागेल.

षड्जपंचम

अकरानंतर या म्हणाल तर येते. सकाळी मुली असतात शिकायला.